लांबचं धूसर

तुम्ही विचारता, दामू येत का नाही. ऐका. कॅमेरा आणि टेलीलेन्सच्या मध्ये पोकळ नळी बसवली की जवळचा चतुर किडा स्वच्छ दिसतो, पण लांबचं सगळं धूसर होतं. तळ्याकाठी मी तशी नळी लावून बसलो होतो. रस्त्यावरून कोणीतरी हात केला. लेन्स तिकडे वळवली, तर नुसता पांढरा डाग. पुन्हा चतुराकडे वळलो.

मान वर केली तेव्हा पाठमोरी चाल ओळखली. आमच्या भांडणानंतर चार वर्षांनी माझा जुना दोस्त दामू उरणहून आला होता. हाक मारली, थांबला नाही.

मी आधी कुणाला फोन करत नाही. त्या संध्याकाळी केला.

"दामू, नळीतून लांबचा माणूस ओळखू येत नाही रे."

"म्हंजे आता आमी लांबचे झालो?" म्हणाला, आणि फोन ठेवला.