हाताला मेंदी

ऐका रे, कॉलेजची फुटबॉल मॅच हरलो त्या संध्याकाळचं सांगतो. परळच्या इराण्याकडे बसून आम्ही रेफ्रीला सोलून काढत होतो.

बाळ्या म्हणे, "दुसरा गोल चक्क ऑफसाइड होता!"

मी ओरडलो, "रेफ्रीचं सोड! आपला गोलकीपर वसंता हाताला मेंदी लावून उभा होता काय? हातात आलेला बॉल सोडतो!"

तेवढ्यात वसंताच आत आला नि माझ्या शेजारी बसला. चहा आला, तरी कप उचलेना. हळूच म्हणाला, "बशीत ओतून जरा तोंडाला लाव ना." बोटं सुजून काळीनिळी झालेली.

बशी धरूनच मी विचारलं, "कधी झालं हे?"

"काल, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात. लाठ्या सुरू झाल्या नि तुम्ही सगळे पळालात ना, त्यानंतर."