पन्नास पेन्सची किंमत

...आणि नाण्यावर स्वच्छ लिहिलंय हो, पन्नास पेन्स! मग त्याची किंमत विचारायला दोन बस बदलून हॅलिफॅक्सला कशाला जायचं, सांगा? मी शाळेत फार गेलो नाही, पण एवढं मलाही वाचता येतं.

झालं काय, शुक्रवारी मासे-चिप्स आणले, परत आलेल्या सुट्ट्या पैशांत हे सातकोनी नाणं आलं, एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा बागेतला मनोरा. आमचे जावई क्रेग, त्यांचा फोन हातालाच उगवलेला, त्यात बघून म्हणाले, "बाबा, दुर्मीळ आहे हे. एकजण याचे पाच हजार पौंड मागतोय." म्हटलं, "मागायला काय, मीही मागेन. देतोय का कोणी?" "बरं, दीडशे तरी नक्की." झालं, ते आमच्या बायकोने, आयव्हीने ऐकलं. तिची बहीण हिल्डा पार तिकडे स्कॉटलंडात, ॲबरडीनला, कैक वर्षांत भेट नाही, रेल्वेच्या तिकिटाचं नाव काढलं की दोघी फोनवर पाऊसपाण्याचं बोलायला लागतात... दीडशेत आयव्ही जाऊन आली असती. मग मी कोट चढवला. नाण्यावर लिहिलंय की पन्नास, हे कोणाला ऐकवणार?

तर तो नाण्यांचा दुकानदार, डोळ्याला भिंग लावलेला, त्याने नाणं असं कडेने उचलून फिरवलं, थांबला, आणि अगदी डॉक्टरी आवाजात विचारलं, "आजोबा, हे घासलं कोणी?"

आता काय सांगू तुम्हाला... आमच्याकडे शनिवारी दाराची मूठ, दारावरची कडी, शेकोटीचा चिमटा, जे चमकू शकतं ते सगळं आयव्ही पितळेच्या पॉलिशने घासते, तिची आईही घासायची, आख्खी गल्ली घासते. आणि परक्या माणसासमोर नाणं मळकं कसं न्यायचं? मला न सांगता उजळून, इस्त्रीच्या रुमालात बांधून दिलं होतं तिने.

"मीच घासलं," म्हटलं.

"मिळालं तसं आणलं असतं तर दीडशे दिले असते. घासलेलं नाणं संग्राहक घेत नाहीत, मीही नाही घेणार. दुकानात चालेल, पन्नास पेन्सला."

मग मी काय वेगळं म्हणत होतो?

घरी आलो. आयव्ही दारातच. "काय म्हणाला रे?"

"साधंच निघालं गं. तसली पुष्कळ असतात."

तिने माझ्या हातातून नाणं घेतलं. मग म्हणाली, "तरी बरं मी घासून दिलं. नाहीतर त्याने हातातसुद्धा धरलं नसतं."

"नसतंच धरलं," म्हटलं.

आता ते फोनपाशी असतं. हिल्डाशी बोलताना आयव्ही ते मुठीत धरते, बोलणं संपलं की एप्रनने पुसून परत ठेवते. पुसू दे... आता काय बिघडणार आहे त्याचं? नाण्यावर लिहिलंय की पन्नास.