आत सोडलेली माया

...आणि वर मलाच म्हणतात, "मास्तर, तुमचं माप चुकलं!" माझं? नियाज मास्तरचं? अहो, सोनईत पस्तीस वर्षं लेडीज टेलरिंग करतोय मी! सासू झालेल्या बायकांची परकर-पोलकी शिवलीत मी, त्यांच्या लेकींचे ब्लाऊज शिवलेत, आता नातींचे फ्रॉक शिवतोय... तुम्हाला सांगतो, माझं माप चुकत नाही!

तर या राहीबाई. आमचं जुनं गिऱ्हाईक. तोंड कात्रीसारखं, पण मन अगदी मलमल. दुकानात आल्या, ब्लाऊज काउंटरवर आपटला आणि म्हणाल्या, "ह्यो काय ब्लाऊज हाय का झबलं? आमी दोघी जावा बसू की यात!" मी म्हटलं, "राहीबाई, मापाचं तुम्हीच दिलं होतं ना?" आता हे 'मापाचं' म्हणजे काय, पुरुषमंडळींना कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे बाई टेप लावून माप देत नाही. लाजते म्हणा, घाई असते म्हणा. एक जुना ब्लाऊज पिशवीतून काढते, टाकते समोर, "ह्या मापाचा शिवा." संपलं! आणि तो जुना ब्लाऊज कधीचा? थोरल्या लेकीच्या लग्नातला! लेकीला दोन पोरं झाली, बाई पार वाळून गेली, पण माप तेच! मग शिंप्यानं काय करावं? तो जुन्या मापावर नवं कापड कापतो, आणि शिव्या खातो.

बरं, त्या दिवशी राहीबाई शिव्या देता देता तीन ग्लास पाणी प्यायल्या. मी म्हटलं, "ऊन फार आहे का?" तर म्हणाल्या, "ऊन कशाचं, महिनाभर नुसतं पानीच पिऊ वाटतंय." दोन दिवसांनी त्यांना घेरी आली, मालकांनी दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला शुगर आहे?" राहीबाई ताठ बसल्या. "व्हय तर! मालक शुगरला, दोन्ही दीर शुगरला, सासरा तर शुगरमधूनच रिटायर झाला!" डॉक्टरीणबाई बिचाऱ्या लिहून घेतायत, एवढा मोठा खानदानी आजार... आणि शेवटी मालक म्हणाले, "म्याडम, ती साखर कारखान्याचं सांगती." आमच्याकडे शुगर म्हणजे आधी नोकरी, मग आजार! पण आजारही निघालाच. साखर साडेतीनशे.

तेव्हापासून माझं एक मत झालंय, हसू नका. हे जे आतल्या रसांचे, म्हणजे हार्मोनचे, आजार आहेत ना, ते आधी शिंप्याकडे येतात, मग डॉक्टरकडे! शिंदेबाईंची ज्ञानेश्वरी घ्या. कॉलेजातली पोरगी, दर दोन महिन्यांनी ड्रेस सैल करायला यायची. आई दुकानात सगळ्यांसमोर ओरडायची, "वडापाव कमी गिळ!" पोरगी खाली मान घालून उभी. हळूच मला म्हणाली, "काका, कॉलर जरा उंच ठेवा." का? तर हनुवटीला केस यायला लागलेले, पाळीचा पत्ता नाही. निघालं पीसीओडी. आणि मी काय करत होतो? मी कंबरेची माया सोडत होतो!

माया माहीत आहे ना? नाही, ती नव्हे! आमची माया वेगळी. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंनी जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, ती माया. बाहेरून दिसत नाही. पण माणूस अंगानं भरलं की आतली शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा बसतो. चांगला शिंपी माया ठेवतो, कद्रू शिंपी कापड वाचवतो. मी दोन्ही बाजूंना इंच-इंच माया ठेवतो, विचारा कुणालाही!

आता मेहताबचं सांगतो. मेहताब म्हणजे आमची मंडळी. माहेर राहात्याचं. लग्न ठरलं तेव्हा मी हट्ट धरला, निकाहचा जोडा, म्हणजे नवरीचे कपडे, मीच शिवणार! आता नवरीला टेप कोण लावू देईल? सासूबाईंनी मापाचा म्हणून तिचा शाळेतला कुडता पाठवला. त्यावरून मी अंदाज घेतला, थोडं वाढवलं, थोडं घटवलं... आणि तुम्हाला सांगतो, असा बसला, असा बसला, की राहात्याच्या बायका म्हणाल्या, "नवऱ्यानं चोरून बघितली होती की काय!" तेव्हापासून ते माप माझं तोंडपाठ. गळा साडेतेरा, छाती... राहू द्या, बायकोची मापं चारचौघांत सांगायची नसतात. दर रमजान ईदेला तिचा ड्रेस मी शिवायचो, न विचारता, न मापता. आणि दर ईदेला बरोब्बर बसायचा! मी दोस्तांत सांगायचो, अठ्ठावीस वर्षांत बायकोला एकदा टेप लावला नाही. माझं माप चुकत नाही!

काय दिवस होते हो ते! दुकान म्हणजे चार पत्रे. पुढं मी पायमशीनवर, मागं पडद्याआड मेहताब, काज-बटण, हूक, हातशिलाई. दिवाळीच्या घाईत एका दुपारी वीस-वीस ब्लाऊजना हूक लावायची आणि तोंडानं गाणं चालू. आवाज कसला, चांदीची वाटी खणखणावी तसा! "मास्तरऽऽ, चहाऽऽ!" म्हणून हाक मारली की पलीकडचा सायकलवाला पण उठायचा. मला मास्तरच म्हणायची, चिडवायला. हसायला लागली की दोरा सुईत जायचा नाही तिचा...

मग कधी काय झालं, कळलंच नाही. म्हणजे एका दिवसात झालं असतं तर कळलं असतं ना? आधी गाणं कमी झालं. मग दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायला लागला, सुई हातातच. मग फणीत केसांचे पुंजके. मग एप्रिल महिन्यात, अहो सोनईत, एप्रिलमध्ये, अंगात स्वेटर! मी पंखा लावायचो, ती बंद करायची. मी लावायचो, ती बंद करायची. मीठ विसरायची, दूध उतू जायचं. आवाज घोगरा झाला. फोन तिनं उचलला की बायका म्हणायच्या, "मास्तर, भाभीला द्या की जरा!" आणि मी हसायचो. हसायचो हो मी!

शेजारीपाजारी तर काय, प्रत्येकजण हकीम! "नजर लागलीय, धागा बांधा." "वय झालं, बायकांचं असंच असतं." "भात बंद करा." "रात्री धने भिजत घालून पाणी द्या." आणि मी? मी सगळ्यांचा बाप! मी रोज म्हणायचो, "पूर्वी तू कशी होतीस, मेहताब! वीस ब्लाऊज करायचीस एका दुपारी. आता पाच होत नाहीत. आळस गं, आळस!" ती पुढचा हूक लावायला घ्यायची. आता कळतंय मला, मी रोज तिला जुनं माप लावत होतो. वीस वर्षांपूर्वीचं माप, रोज, सकाळ-संध्याकाळ.

तर गेल्या वर्षीची ईद. सकाळची नमाज झाली, शेवया झाल्या, मी घरात आलो तर मेहताब पलंगावर बसलेली. नवा कुडता मांडीवर. डोळे भरलेले. मी म्हटलं, "काय झालं?" खाली मान घालून, त्या घोगऱ्या आवाजात म्हणते, "मास्तर... माया संपली."

माझ्या पायाखालची जमीन सरकली! अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि ईदेच्या सकाळी बाई म्हणते माया संपली! मला आठवायला लागलं सगळं, आळशी म्हटलेलं, फोनवर हसलेलं, पंख्यावरून भांडलेलं. मी म्हटलं, "असं नको गं बोलू. चुकलं माझं. पण माया कशी संपेल? पोरं काय म्हणतील?" ती बघतच राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, "अवो, कुडत्याची! कुडत्याची आतली माया संपली. आता उसवायला जागाच न्हाई राहिली!"

उसवायला? मला कळेना. मी लोखंडी पेटी उघडली, तिचे जुने ईदचे ड्रेस काढले, उलटे केले... तुम्हाला सांगतो, शिंप्याला कापड वाचता येतं. आठ वर्षांपूर्वीचा ड्रेस, शिवण माझीच. त्याच्या पुढच्या वर्षीचा, अर्धा इंच उसवलेला, पुन्हा बारीक हातशिलाई. त्याच्या पुढचा, पाऊण इंच. त्याच्या पुढचा, सगळीच्या सगळी माया सोडलेली, बगलेत वेगळा तुकडा लावलेला, माझ्याच कापडातला, मला कळू नये असा बेमालूम. दर ईदेला, मी मशिदीत असताना, ही बाई आतून शिवण उसवून, सोडून, पुन्हा शिवून, घालून, दारात उभी राहायची, आणि मी म्हणायचो, "बघ! बरोब्बर बसला! माझं माप चुकत नाही!"

रडलो मी. त्यात काय लपवायचं? ईदेच्या दिवशी पेटीसमोर बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी राहीबाई शिरखुर्म्याचा डबा परत द्यायला आल्या. शुगर असून खाल्ला होता, बरं का! मेहताबला बघून म्हणाल्या, "मास्तर, भाभीला आमच्या पंकजा डॉक्टरकडं न्या. आजच्या आज. माझा ब्लाऊज सैल झाला तवा तुमी पानी पाजीत बसला. आता ऐका माझं." गेलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांचा गळा कसा आहे?" मी लगेच सांगितलं, "मागून बंद, पुढून पानगळा." त्या म्हणाल्या, "आतून विचारतेय मी!" मग मेहताबला म्हणाल्या, घोट गिळा, गळ्यावर हात ठेवून बघितलं. मग विचारलं, "हे सगळं कधीपासून आहे?" एका घरात राहतो, एका ताटात जेवतो, आणि मला सांगता येईना कधीपासून! शेवटी मी पिशवीतून ते ड्रेस काढले, टेबलावर उलटे मांडले. म्हटलं, "डॉक्टर, ह्या ईदेला अर्धा इंच. ह्या ईदेला पाऊण. इथं संपूर्ण माया." डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "असा केसपेपर मी आजवर पाहिला नाही."

रक्त तपासलं. थायरॉईड. म्हणाल्या, गळ्यात फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. मी मनात म्हटलं, फ्रॉकला बो असतो तशी. ती मंद पडली की सगळं अंग मंद पडतं, केस, कातडी, पोट, आवाज, आठवण, मन सुद्धा. मला पटकन कळलं! पायमशीनचा पट्टा ढिला झाला की पायडल कितीही मारा, चाक फिरत नाही. पट्टा ढिला होता हो तिचा! आणि मी आठ वर्षं ओरडत होतो, पायडल मार, पायडल मार!

गोळी दिली. सकाळी उपाशीपोटी, रोज, आणि तासभर चहा नाही. मी म्हटलं, "आणि धन्याचं पाणी?" तर म्हणाल्या, "आवडत असेल तर प्या, पण गोळी सोडायची नाही. आणि सगळं वजन काही थायरॉईडचं नसतं. चाललं पाहिजे, वेळेवर झोपलं पाहिजे, नीट खाल्लं पाहिजे." मग माझ्याकडे वळल्या. "आणि मास्तर, 'पूर्वी तू कशी होतीस' हे वाक्य घरात बंद. एका ग्रंथीला गोळी देता येते, पण माणूस आख्खं बरं व्हावं लागतं." मी मान खाली घातली. ज्ञानेश्वरीसारखी.

हळूहळू फरक पडला. स्वेटर पेटीत गेला. सकाळी आम्ही दोघं घोडेगावच्या रस्त्यानं चालायला जातो, पुढं ती, मागं मी धापा टाकत. आणि परवा, दुकानात मी मशीनवर, आणि पडद्याआडून, अगदी हळू, काज करता करता... गाणं! तो चांदीच्या वाटीचा आवाज काही आला नाही बरं का. थोडा जाडसर आहे अजून. पण मी पायडल थांबवला. इतकी वर्षं जे गाणं आठवून आठवून हळहळत होतो, ते पडद्याआड होतं, आणि मला ते जुन्या मापात बसवायचं नव्हतं.

या ईदेला मी टेप घेतला गळ्यातला. म्हटलं, "मेहताब, उभी राहा." ती लाजली हो, पन्नाशीत! "मास्तर, लोक बघतील." बघू देत! एकोणतीस वर्षांनी पहिल्यांदा माप घेतलं, खरं, आजचं. गळ्याशी टेप जरा जास्तच वेळ थांबला. मग ड्रेस शिवला, आणि आतून दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच इंच माया ठेवली! म्हटलं, आता कधी संपायलाच नको!

ईदेच्या सकाळी घातला तिनं. आरशासमोर उभी राहिली, इकडे वळली, तिकडे वळली, आणि जुन्या मेहताबसारखी, नाही, आताच्या मेहताबसारखी, कडाडली, "मास्तर! एवढी माया कशाला कोंबलीय आत? दोन्ही कुशींत टोचतीये! उसवा अन् कापा अर्धी!"

...आता तुम्हीच सांगा, शिंप्यानं करावं काय? कमी सोडली तर संपते, जास्त सोडली तर टोचते... आणि म्हणे, नियाज मास्तरचं माप चुकत नाही!