जुन्या लॅपटॉपला बोटभर मेमरी

...आणि वर मलाच विचारतात, "मास्तर, कशाला त्या जुन्या डबड्यात पैसे घालताय?" आता ह्यावर काय बोलणार? आणि ते मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं, शिंपी म्हणून मास्तर. शाळा माझी चौथीत सुटली. मी तिला सोडलं की तिनं मला, हे अजून नक्की व्हायचंय.

तर तुम्हाला सांगतो, लॅपटॉप. लेकीचा. दहा वर्षांचा झाला. तिनं नवा घेतला आणि हा मला दिला. थोरल्याचा आखूड झालेला शर्ट धाकट्याला देतात ना, तसं, फक्त इथं उलटं, लेकीचं उतरलेलं बापाच्या अंगावर! मी तो शिलाईच्या मशीनवरच ठेवलाय, दुसरं टेबल आहे कुठं घरात? झाकण उघडायचं, मग तोंड धुवायचं, अंघोळ करायची, चहा घ्यायचा, कपबशी विसळून पालथी घालायची आणि येऊन बघायचं, तर ते पडद्यावर आपलं गोल गोल गोल... बरं, माझे पाय मशीनच्या पायडलवर. पन्नास वर्षांची सवय, समोर काही अडलं की पाय आपोआप हलतात. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, पाय मारून चालत नसतं ते!" हे मला कळत नाही का? कळतं. पण पायांना कोण सांगणार? मी पडलो शहाणा!

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला लॅपटॉप हवाय कशाला? हवाय. मी शाळेत जातो. हसू नका. दर रविवारी सकाळी दहाला माझी शाळा असते आणि बाई आहेत माझी नात, वय वर्षं आठ. लेक दूर असते, चार दिवसांच्या वाटेवर म्हणा ना, त्यामुळे भेट अशी पडद्यावरच. एकदा नातीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?" मी आपला खरं बोलून बसलो. झालं! पुढच्या रविवारी शाळा सुरू. वर्गात आम्ही तिघं. पहिला नंबर बाहुली, दुसरा नंबर कापडी अस्वल, त्याला एकच डोळा आहे पण वाचनात माझ्यापुढे आहे म्हणतात. तिसरा नंबर मी. एरवी मला "अहो आजोबा", पण दहाचा ठोका पडला की "ए आजोबा, नीट बस!" मी एकदा विचारलं, हे असं का? तर म्हणाली, "वर्गात सगळ्यांना तूच म्हणतात." बरोबरच आहे. अस्वलाला अहो म्हणायचं आणि मला अरे, असं तर नाही ना करत?

आणि तुम्हाला सांगतो, ह्या शाळेत मला फार बरं वाटतं. आठवडाभर मी रविवारची वाट बघतो. शनिवारी पेन्सिलीला टोक काढून ठेवतो. बायको म्हणते, "लग्नाच्या आदल्या दिवशी एवढी तयारी नव्हती तुमची." नव्हती खरी.

पण हा लॅपटॉप! बाई शिकवायला लागल्या की हा अडकायचा. म्हणजे तिचं तोंड अर्धं उघडं, हात वर, तशीच थांबलेली. तिकडे तिला मी तसाच दिसायचो. नात हसायला लागली की मला हसण्याची सुरुवात दिसायची, मग गोल गोल गोल, मग एकदम हसून झालेला चेहरा. मधलं हसू गेलं कुठं? दोन वर्षं मी नातीचं मधलं हसू बघितलेलं नाही. विचार करा!

एका रविवारी मी चार वेळा अडकलो. चौथ्या वेळी सुटलो तेव्हा बाई गंभीर. म्हणाल्या, "आजोबा, बाहुली कधी अडकत नाही. अस्वलपण अडकत नाही. तुझ्यामुळे वर्ग मागे राहतो. पुढच्या रविवारी अडकलास, तर मी तुझं नाव हजेरीतून काढून टाकणार." आणि मागून लेकीचा आवाज, "अगं, असं बोलतात का आजोबांना?" तर ही म्हणते, "आई, वर्ग चालू आहे." संपलं!

तुम्ही हसताय, पण माझं बघा. सत्तरी उलटलेला माणूस, एकदा शाळेतून नाव गेलंय, आता दुसऱ्यांदा जाणार? आणि मुलं मोठी होतात हो. आज शाळा शाळा खेळते, उद्या मैत्रिणी येतील, परवा दार लावून घेईल. एकदा रविवार सुटला की सुटलाच, उसवलेली शिवण आणि सुटलेली सवय आपोआप जुळत नसते. मला घाई होती.

आता करायचं काय? गेलो शेजारी. शेजारी निवृत्त हेडक्लार्क, सल्ल्याला कमतरता नाही. मी म्हटलं, "लॅपटॉपची मेमरी वाढवून घेऊ का? फळांचा दुकानदार म्हणत होता, त्याच्या भाच्यानं वाढवली तर घोड्यासारखा पळायला लागला." हेडक्लार्क खुर्चीत मागे रेलले, पोटावर हात ठेवले. "मास्तर, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! नवा घ्या नवा." मी म्हटलं, "साहेब, नव्याला काय कमी पैसे पडतात?" तर म्हणाले, "मग काहीच घेऊ नका. आमच्याकडे आहे का? नाही. आम्ही जगतोय की नाही?" आता हा सल्ला झाला का? पण मी मान डोलावली, वर "आभारी आहे" म्हणालो. मी पडलो शहाणा!

आणि खरं सांगू? जुन्याला वाढवून घ्यावं की टाकून द्यावं, हा प्रश्न जन्मभर लोकांनी मला विचारलाय. "मास्तर, ही पँट कमरेत वाढेल का?" आणि माझं उत्तर ठरलेलं, आतून उसवून बघितल्याशिवाय सांगत नाही. आत कापड दाबलेलं असेल तर वाढेल, नसेल तर देवाचं नाव घ्या आणि जेवण कमी करा. मग म्हटलं, लॅपटॉपचंही तसंच असणार. घातला पिशवीत, वर बायकोची जुनी शाल गुंडाळली, त्याला थंडी वाजू नये म्हणून नव्हे, धक्का लागू नये म्हणून, आणि शुक्रवारी गेलो दुरुस्तीवाल्याकडे.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. समोर दिवा, कपाळाला भिंग, हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, माणूस मान खाली घालून काम करत होता! मी म्हटलं, "दादा, मेमरी वाढवायची आहे." त्यानं भिंग वर केलं. "काका, काय काय करता ह्याच्यावर?" मी म्हटलं, "शाळेत जातो." त्यानं भिंग परत खाली केलं.

पण माणूस गुणाचा. पाठ उघडली, माझ्या गळ्यातली टेप बघितली आणि मला बोलावून दाखवलं. "काका, तुम्ही शिंपी ना? मग असं समजा, हे तुमचं कपाट. ह्यात सगळा माल. आणि ही मेमरी म्हणजे तुमचं कापायचं टेबल. कपाट कितीही मोठं असू दे, काम टेबलावरच होतं. टेबल छोटं असलं की एक कापड उचला, दुसरं पसरा, दुसरं उचला, पहिलं पसरा... वेळ त्यातच जातो. तुमचं टेबल चार जीबीचं आहे. शेजारी ही जागा रिकामी, इथं अजून एक पट्टी बसते." अहो, काय सांगितलं! हेडक्लार्कांना तासभरात जमलं नव्हतं. म्हणजे आत कापड दाबलेलं होतं की नाही? होतं!

मी म्हटलं, "मग टाका." तो म्हणाला, "थांबा काका. आधी टेबलावर काय पसरलंय ते तर बघू." म्हणून त्यानं झाकण उघडलं, काहीतरी दाबलं... आणि भिंग काढून ठेवलं. "काका," म्हणाला, "हा शेवटचा बंद कधी केला होता?"

बंद?

मी म्हटलं, "बंद नाही करत. झाकण लावतो." "दोन वर्षं?" "दोन वर्षं." "आणि ह्या खिडक्या?" "कुठल्या खिडक्या?" मग त्यानं मोजल्या. एकशे सात! तुम्हाला सांगतो, एकशे सात खिडक्या उघड्या! दर रविवारी लेक नवी लिंक पाठवते, मी दाबतो, नवी खिडकी उघडते, शाळा होते, मी झाकण लावतो. का? तर पहिल्याच दिवशी लेकीनं फोनवरून बजावलं होतं, "बाबा, काही म्हणजे काही बंद करू नका हं, नाहीतर ती जाईल." आता तिचं म्हणणं होतं, बोलणं चालू असेपर्यंत बंद करू नका. पण मी शिंपी माणूस, गिऱ्हाईकानं सांगितलेलं माप मी आपल्या मनानं बदलत नाही. बंद करू नका म्हणाली ना? नाही केलं! दोन वर्षं! मी पडलो शहाणा!

दुरुस्तीवाला म्हणाला, "बंद करू का ह्या?" आणि मी काय केलं असेल? त्याचा हात धरला! मला वाटलं, एकेका खिडकीत एकेक रविवार असणार. हिनं पाठ म्हणून दाखवलेली कविता, ती अस्वलाला ओरडली तो दिवस, तापात गुंडाळून बसली होती तो. तो म्हणाला, "काका, आत काही नाही." आणि एकेक उघडून दाखवत गेला. रिकामी काळी पाटी आणि तीन शब्द. मी चष्मा लावून, बोट ठेवून वाचले. 'बैठक संपली आहे.' दुसरी उघडली. 'बैठक संपली आहे.' तिसरी. दहावी. म्हणजे दोन वर्षं मी काय जपलं? संपलेल्या बैठका! आणि तेही कुठल्या टेबलावर? चारच्या!

चष्मा काढला. मग म्हटलं, "करा बंद." भराभर केल्या त्यानं. आणि अहो, लॅपटॉप पळायला लागला की! दुरुस्तीवाला प्रामाणिक, म्हणाला, "काका, तुमचा बारा आणे रोग इथंच गेला. आता पट्टी टाकलीत तर बरं, नाही टाकलीत तरी बहुतेक चालेल." बहुतेक! आता मला सांगा, मी स्वतः किती गिऱ्हाइकांना सांगितलंय, "साहेब, पँट वाढवायला नको, आधी खिशातला पसारा काढा, बसेल बहुतेक"? आणि किती जणांनी ऐकलं? एकानंही नाही. "नको मास्तर, परवा घरात लग्न आहे, भरपूर वाढवूनच द्या." माझंही परवाच होतं ना! बहुतेकवर मी हजेरीतलं नाव पणाला लावू? म्हटलं, "टाका." एका मेलेल्या लॅपटॉपमधून काढलेली, बोटभर लांब पट्टी. कॉलरमध्ये घालतो ना ताठ राहायला, तेवढीच. टक् करून बसली. दहा मिनिटं! त्या दहा मिनिटांसाठी मी पाच रात्री झोपलो नव्हतो.

रविवार आला. दहाला पाच कमी असताना झाकण उघडलं, तर लगेच चालू! मला तोंड धुवायलाही वेळ दिला नाही. नात आली. आणि मी बघतच राहिलो हो... हलत होती. सगळी हलत होती. वेण्या हलत होत्या, हातातली पट्टी हलत होती. वरचे दोन दात पडलेत, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, "बाई, हजर." ती हसली आणि मी ते हसू सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं, मधलं सगळं. बायकोला हाक मारली, "अगं, ये ये, पूर्ण हसतीये बघ!" बायको पीठ लागलेल्या हातानं आली, डोळ्यांना हात लावला आणि डोळ्यात पीठ गेलं असं म्हणाली. गेलं असेल.

अर्धा तास मी एकदाही अडकलो नाही. बाई खूश. म्हणाल्या, "शाब्बास आजोबा! आज आपण कधीच पोचत नाही तिथं पोचलो. आता पाढे. सतरा आठे?"

सतरा आठे...

आता तुम्हाला सांगतो, दोन वर्षं काय होत होतं, कुठलाही अवघड प्रश्न आला की तो लॅपटॉप गोल गोल व्हायचा, मी अडकायचो आणि सुटेपर्यंत बाई पुढच्या प्रश्नावर गेलेल्या असायच्या. मला वाटायचं, काय छळ आहे! त्या रविवारी कळलं, ते डबडं मला पदराखाली घेत होतं. त्याला मीच सुधारून आणलं, पैसे देऊन!

काय करणार? जे सुचलं ते केलं. तोंड अर्धं उघडं ठेवलं, एक हात वर, डोळे मिटायचे नाहीत, श्वास रोखला, पायसुद्धा हलवला नाही. अगदी हुबेहूब अडकलो! मनात म्हटलं, दहा मोजू, बाई पुढं जातील. एक... दोन... तीन...

पलीकडून शांतपणे आवाज आला, "आजोबा, तुझ्या मागचा पंखा फिरतोय."

मग काय, राहिलो उभा. कान धरून. नाव हजेरीत आहे हं, ते नाही गेलं! म्हणून आता ज्याला त्याला सांगत असतो, जुना असला म्हणून काय झालं, मेमरी टाका, फायदा आहे, जरूर टाका... पण आधी पाढे पाठ करा.