फक्त तुला सांगतो

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी मंगल, कार्ल्याची. खंडाळ्याच्या बंगल्यात सोपानभाऊ केअरटेकर आणि मी स्वयंपाकाला, अशी आम्ही चौदा वर्षं काढली. शंभर माणसांचं जेवण सांगा, करते. पण चार माणसांसमोर बोलायची मला सवय नाही. तरी आज न बोलता घरी गेले, तर मला घास जाणार नाही.

तुम्ही भाजे गावचीच माणसं. भाऊ कसे होते, हे मी तुम्हाला काय सांगू? मी एकच गोष्ट सांगते.

मागच्या वर्षी आमच्या बंगल्यात त्या पोलिसांच्या मालिकेच्या शेवटच्या पर्वाचं शूटिंग झालं. ती तुम्ही सगळेच बघता. इन्स्पेक्टरच्या घरातलंच कुणीतरी गुंडांना बातम्या पुरवतंय, पण कोण, ते शेवटच्या भागात कळणार. शूटिंगवाल्यांनी आमचे फोन काढून घेतले, माझ्याच पिठाच्या डब्यात ठेवले आणि बजावलं, बाहेर एक शब्द जाता कामा नये. शेवटचा सीन घेताना मला स्वयंपाकघरात बसवलं. भाऊ मात्र जनरेटरपाशी उभे होते. त्यांनी सगळं बघितलं.

मग काय! अख्खं गाव भाऊंच्या मागे. आणि भाऊंनी काय केलं? नाही म्हणाले नाहीत. एकेकाला बाजूला घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "फकस्त तुला सांगतो, कुनाला बोलू नगं."

परवा आपण त्यांच्या घरी बसायला गेलो होतो. कुणीतरी म्हणालं, भाऊंनी मला सांगितलं होतं, थोरला दीरच आहे तो. दुसरी म्हणाली, छे, मला तर सून सांगितली. आबा म्हणाले, "मला डायवर म्हनला व्हता की!" रडता रडता आपण हसलो. हिरावहिनीसुद्धा हसल्या. अख्ख्या गावाला फसवलं, पण शूटिंगवाल्यांना दिलेला शब्द मोडला नाही.

आणि मग वैशालीने, भाऊंच्या लेकीने, विचारलं. मांडीवर तान्हं बाळ होतं तिच्या. म्हणाली, "मग आजाराचं कुणाला काय सांगितलं होतं?"

हसू तिथंच थांबलं. वहिनींना सांगितलं होतं, पित्त झालंय. वैशालीला, पाठीत उसण भरलीय. बंगल्याच्या मालकांना, धावपळीनं वजन उतरलंय. तीच रीत, तोच हळू आवाज. तुम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतात. मी खाली बघत होते.

वहिनी, मला माहीत होतं.

हो, मला माहीत होतं. चार महिन्यांपूर्वी दवाखान्याची फाईल मला तांदळाच्या पिंपात सापडली. आता वाटतं, मला सापडावी म्हणूनच भाऊंनी ती तिथे ठेवली असेल. त्या पिंपात माझ्याशिवाय हात घालतं कोण? मी फाईल पुढे केली, तर म्हणाले, "मंगल, पोरीला सातवा हाय. बाळंतपन होऊ दे, मग मी सोता सांगतो." मी गप्प बसले. बाळंतपण झालं. म्हटलं, भाऊ, आता सांगा. "बारसं होऊ दे." बारसं झालं. "सव्वा महिना होऊ दे." मालिकेसारखंच सगळं, पुढच्या भागात, पुढच्या भागात. आणि मी दर वेळी मान डोलावली.

रविवारी मी मालिका बघायला त्यांच्याकडे यायचे. कोण खोटं बोलतंय म्हणून सगळे टीव्हीकडे बघत बसायचे. संगीत चढलं की वहिनी तोंडाला पदर लावायच्या. मी भाऊंकडे बघायचे. ते आपले निवांत सुपारी कातरत बसलेले. भीती मलाच वाटायची, आता वहिनी मला विचारतील म्हणून. एकदा विचारलंच. चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मंगल, ह्यांचं पित्त लय दिस चाललंय, न्हाई का गं?" मी म्हटलं, तिखट कमी करा.

वहिनी, तुम्ही तिखट कमी केलंत. मला त्याची फार लाज वाटते.

आधी सांगितलं असतं तर भाऊ आणखी जगले असते का? डॉक्टर म्हणतात, उशीरच झाला होता. असेल. पण ते चार महिने वहिनींचे होते. सगळं ठाऊक असून नवऱ्याजवळ बसायचे. ते मी त्यांच्याकडून काढून घेतले. मालिकेचं गुपित राखणं वेगळं आणि बायकोपासून हे लपवणं वेगळं. भाऊंना मायेपोटी नसेल कळलं. मला कळायला हवं होतं.

मालिकेतला तो माणूस कोण, हे भाऊंनी मला कधीच सांगितलं नाही. एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "तुला खोटं सांगवत न्हाई, आन खरं सांगायचं न्हाई. मग गप बसतो." येत्या रविवारी शेवटचा भाग आहे. वहिनी, मी येणार आहे. दारातून परत पाठवलंत, तर परत जाईन. पण येणार.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं भाऊंसाठी गप्प राहूया. भाऊ, तुमच्यासाठी माझं हे शेवटचं गप्प बसणं.

त्यानंतर वहिनी, तुम्ही मला काहीही विचारा. मी खरं सांगेन.