पाणी घोट्यापर्यंत

(सिंगापूर. खाद्यपदार्थांच्या गाळ्यांचा बाजार. दुपारचे तीन. जेवणाची गर्दी ओसरली आहे, छताचे पंखे सावकाश फिरताहेत. फिशबॉल आणि नूडल्सच्या चौदा नंबरच्या गाळ्यात एक आजोबा आणि त्यांची नऊ वर्षांची नात सूआन; ती त्यांना आगोंग म्हणते. मध्ये रश्शाचा मोठा टोप.)

आजोबा: अजून पापणी हलतेय. घट्ट मीट. आणि आजूबाजूला जे कोणी ऐकत असेल, त्यांनीही मिटा डोळे.

सूआन: कोण ऐकतंय? ती टेबलावरची साळुंकी?

आजोबा: तिलाही मिटू दे. हं. आता समोर समुद्र आहे. पुंगोलचा, माझ्या लहानपणीचा. पायाखाली वाळू.

सूआन: गरम?

आजोबा: मला काय विचारतेस? उभी तू आहेस.

सूआन: कोमट. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

आजोबा: बरोबर. आता हा चमचा घे. फुंकर घाल. जिभेवर ठेव, लगेच गिळू नकोस. पाणी कुठवर आलं?

सूआन: बोटांपर्यंत. पायाच्या बोटांना लागतं आणि परत जातं.

आजोबा: म्हणजे अजून यायचंय. हे चिमूटभर मीठ टाकलं. ढवळलं. आता?

सूआन: आता आलं, आगोंग. घोट्यापर्यंत. गार आहे. आत मासे आहेत, पण झोपलेत.

आजोबा: आणि मागून काय येतं?

सूआन: मागून... लांब कुठेतरी, होडीत, कुणीतरी सुका मासा भाजतंय.

आजोबा: बास. संध्याकाळचा रस्सा झाला. घोट्याच्या वर येऊ द्यायचं नाही. गुडघ्याला लागलं की गिऱ्हाईक घरी जाऊन तांब्यावर तांब्या पाणी पितं आणि पुन्हा येत नाही.

सूआन: पळी द्या ना मला. मी ढवळते.

आजोबा: पळीला हात लावायच्या आधी काय करायचं?

सूआन: कोपरापर्यंत हात धुवायचे. धुतलेत.

आजोबा: कधी?

सूआन: सकाळी. शाळेत.

आजोबा: मग सकाळच्या रश्शाची पळी धर.

रोस्ना: (शेजारच्या गाळ्यातली कॉफीवाली, ट्रे घेऊन येत) तिओकाका, थांबा, ती कॉफी पिऊ नका. ट्रेमध्ये अदलाबदल झाली. तो पेला एकोणीस नंबरचा, तीन चमचे साखरेचा. तुमची बिनसाखरेची ही माझ्या हातात आहे.

आजोबा: प्यायलो की.

रोस्ना: अख्खी?

आजोबा: तळाशी आहे थोडी.

रोस्ना: अहो, तळाशी साखर आहे ती. वीस वर्षं पाजतेय तुम्हाला कॉफी. एकदा माझ्या भाचीनं कणभर साखर घातली, तर पेला परत पाठवलात आणि वर निरोप, की सरबत मागितलं नव्हतं.

आजोबा: म्हातारपणी माणूस गोड होतो, रोस्ना.

रोस्ना: तुम्ही? तुमच्या शेजारी माझी मिरचीची चटणीसुद्धा मवाळ वाटते. सूआन, हे तुझं बार्लीचं पाणी. हो, आणि काका, बाजार-कचेरीचे साहेब चारला येणार आहेत. तुमचा फॉर्म तयार ठेवा म्हणाले. कसला फॉर्म?

आजोबा: असाच. नळाचा.

रोस्ना: बरं. जाते मी, दूध ठेवलंय गॅसवर.

सूआन: आगोंग.

आजोबा: अभ्यास काढ.

सूआन: कॉफी गोड होती?

आजोबा: होती थोडी.

सूआन: थोडी नाही. आत्ता बोट बुडवून बघितलं मी. दात शिवशिवले.

आजोबा: न धुतलेलं बोट?

सूआन: तुम्हाला कळलंच नाही ना?

आजोबा: तुझ्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलंस का? आता कॉलेजची मुलं येतील. पाकीट नसलं की कोणीही बसेल तुझ्या जागेवर.

सूआन: ठेवलंय. विषय बदलू नका.

आजोबा: ती साळुंकी बघ. नूडल उचलून चाललीय, शेपटीपेक्षा लांब.

सूआन: आगोंग.

आजोबा: नववर्षाला मला ताप आला होता ना? ताप गेला. जाताना चव घेऊन गेला. वासही नेला.

सूआन: सगळी चव?

आजोबा: मीठ, साखर, आंबट, सगळी. मिरचीची आग होते, पण मिरची लागत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल. कधी, ते सांगत नाहीत.

सूआन: मग दोन महिने रस्सा कोण करतंय?

आजोबा: सकाळी माझे हात करतात. त्यांना पाठ आहे, निदान मला तसं वाटतं. दुपारी तू करतेस.

सूआन: म्हणजे हा समुद्राचा खेळ नव्हताच.

आजोबा: खेळच होता.

सूआन: नव्हता. तुम्ही माझ्याकडून मीठ बघून घेत होतात. मला वाटायचं, तुम्हाला माझा समुद्र ऐकायला आवडतो.

आजोबा: इकडे बघ. बघ की. तो पुंगोलचा किनारा आता नाही. भर घातली, वर इमारती आल्या. मला तो फक्त या टोपात दिसायचा. पळी ओठाला लावली, की वडिलांची होडी यायची. ताप आल्यापासून पळीत नुसतं गरम पाणी आहे. तू घोट्यापर्यंत म्हणालीस, की माझे पाय ओले होतात. मग तूच सांग, मला ऐकायला आवडतो की नाही.

सूआन: मग आधीच सांगायचं ना.

आजोबा: लाज वाटली. शिंप्याची नजर गेली, की त्यानं सुई खाली ठेवावी.

सूआन: फॉर्म कसला आहे?

आजोबा: गाळा परत करायचा.

सूआन: आज?

आजोबा: चारला. गुरुवारी सकाळी तू शाळेत होतीस. पाणी वर गेलं असणार. क्वेकबाई, त्या निवृत्त मास्तरीण, अर्धी वाटी तशीच ठेवून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माणूस भूक घेऊन येतं, सूआन. त्याला अंदाजानं वाढू नये.

सूआन: सकाळीही मी चाखीन. साडेसहाला इथूनच तर जाते शाळेत.

आजोबा: नको. तुझी जीभ तुझी आहे. ती माझी काठी नव्हे.

सूआन: काठी नका करू मग. शिकवा मला. शिकल्यावर ती माझीच राहील ना?

आजोबा: तू नऊ वर्षांची आहेस.

सूआन: तुम्ही कितव्या वर्षी शिकलात?

आजोबा: आठव्या.

सूआन: म्हणजे मला आधीच उशीर झालाय.

आजोबा: तुझ्या आईला विचारावं लागेल.

सूआन: विचारा. पण आधी टोपाकडे बघा. आपण बोलत बसलो आणि तो उकळत राहिला.

आजोबा: घे चमचा. फुंकर घाल. कुठवर आलं?

सूआन: वर चढलंय. पोटऱ्या भिजल्या. मासे जागे झालेत, चिडलेत.

आजोबा: आणखी मीठ तर मी टाकलं नाही. मग कसं चढलं?

सूआन: पाणी वाफ होऊन उडालं. मीठ बसून राहिलं.

आजोबा: आता काय करशील?

सूआन: पाणी घालीन. गार?

आजोबा: गार पाण्यानं मासे दचकतात.

सूआन: मग गरम. किटलीतलं. थोडं थोडं. तुम्ही ओता, मी थांबा म्हणते. अजून. अजून थोडं. थांबा.

आजोबा: कुठे?

सूआन: घोट्यापाशी. तुमचे पाय ओले झाले?

आजोबा: झाले.

सूआन: मग आलेच मी.

रोस्ना: काका, साहेब आलेत. फाटकाशी उभे आहेत. द्या तो नळाचा फॉर्म, मी देऊन येते.

आजोबा: नळाचा नाही तो. गाळा सोडायचा आहे. रोस्ना, मला दोन महिने चव येत नाही.

रोस्ना: तरीच ती कॉफी. मला सांगायचं तरी. पण मी काय करणार होते म्हणा. तुमच्या टोपात डुकराची हाडं, आणि मी मुसलमान. वीस वर्षं शेजारी आहे, पण थेंब चाखलेला नाही.

आजोबा: म्हणून तर तुला सांगितलं नाही. उगाच जीव जाळला असतास.

रोस्ना: तो आत्ताही जळतोय. बरं, साहेबांना काय सांगू? फॉर्म कुठे आहे?

आजोबा: टोपाखाली गेलाय. टोप थंड झाला, की काढू म्हणावं.

रोस्ना: हा टोप कधी थंड झालेला मी तरी बघितला नाही.

आजोबा: मीही नाही.

रोस्ना: सांगते तसं. आणि हे टिश्यूचं पाकीट चुलीजवळच्या स्टुलावर कोणी ठेवलं? उचलते, नाहीतर पेट घेईल.

आजोबा: जरा मागे सरकव. पण स्टुलावरच राहू दे. जागा धरलीय.

रोस्ना: कोणी? आणि सूआन कुठे गेली?

आजोबा: हात धुवायला. कोपरापर्यंत.