घायपाताचा अडतिसावा गोळा

पोलीस ठाणे येलहंका, बेंगळूर. दिनांक २३ जानेवारी १९९६, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे.

नाव सुब्बाराव विठोबाराव पिसे, वय ६४ वर्षे, धंदा शिलाईकाम, राहणार जुना येलहंका, मारुतीच्या देवळामागे.

समक्ष हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी पत्नी कस्तुराबाई, मुलगा रविकुमार, सून वाणी व नात मेघाश्री, वय सहा वर्षे, असे एकत्र राहतो. मला कन्नड चांगले येते. पण ही हकीकत कन्नडमध्ये तोंडातून निघेना, म्हणून हवालदार कल्लाप्पा, मूळचे निपाणीचे, यांनी जबाब मराठीत घेतला आहे. कन्नड तर्जुमा ते करतील.

घरापुढच्या अंगणात पिवळ्या काठाच्या घायपाताचे एक झाड आहे. शेजारी त्याला कत्ताळे म्हणतात. बारा वर्षांपूर्वी होसकोट्याच्या रोपवाटिकेतून वीतभर पिल्लू आणून मी ते लावले. हे झाड पाण्याने मरते, दुर्लक्षाने मरत नाही. म्हणून खाली विटांचे तुकडे घालून, मातीत निम्मी वाळू मिसळून मी उंच वाफा केला. बुडाशी निव्वळ हिरवी पिल्ले फुटली की ती काढून टाकतो, नाहीतर ती जोर धरतात आणि काठाचे झाड मागे पडते. सध्या झाड माझ्या छातीएवढे आहे व त्याला अडतीस पाने आहेत. प्रत्येक पानाच्या टोकाला इंचभर काटा असतो, दाभणासारखा.

मेघाश्री चालायला लागल्यापासून मी दर महिन्याला नव्या पानांचे हे काटे कात्रीने कापत असे. गेल्या वर्षी घरगुती बागांच्या स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला. परीक्षकांनी कागदावर शेरा दिला होता की, पानांची टोके कापलेली आहेत. तो कागद मी वर्षभर दुकानात गल्ल्याच्या खाली ठेवला होता. तेव्हापासून मी काटे कापणे बंद केले व टोके कापलेली जुनी पाने एकेक करून काढून टाकली.

दिवाळीनंतर सून म्हणाली, "मामा, टोकं कापून टाका हो. मेघा तिथंच खेळते." मी म्हणालो, "स्वल्प थांब. जानेवारीतली स्पर्धा होऊ दे." ती दुसऱ्यांदा बोलली तेव्हा मी रागावलो. मग गणपतीच्या सजावटीतले थर्मोकोलचे गोळे मी एकेका काट्यावर खोचले. अडतीस गोळे. सून पुन्हा काही बोलली नाही.

रविवार, दिनांक २१ रोजी साडेनऊला परीक्षक येणार होते. सकाळी आठच्या सुमारास मी गोळे काढायला घेतले. मेघाश्री ते फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत होती. त्यानंतर ती खेळता खेळता झाडाजवळ गेली व तोल जाऊन पडली. उजव्या डोळ्यात काटा गेला. मी तिला उचलले. रविकुमारने रिक्षा आणली. इस्पितळात त्याच दिवशी ऑपरेशन झाले. उजव्या डोळ्याने तिला आता दिसणार नाही, असे डॉक्टरांनी काल सांगितले.

इस्पितळात रविकुमारने लिहून दिले की, पोर सांगितलेले ऐकत नाही. मेघाश्रीला विचारले तेव्हा तीही म्हणाली, "मीच गेले." सून माझ्याशी बोलत नाही. तिचे बरोबर आहे.

परीक्षक वेळेवर आले. घरी कोणी नव्हते म्हणून शेजारच्या जमनाबाईंनी फाटक उघडले. टोके शाबूत आहेत, छान आहेत, असे ते म्हणाल्याचे जमनाबाईंनी सांगितले. नंबर काय आला, मी विचारलेले नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

येथपर्यंत हवालदारांनी वाचून दाखवल्यावर मी त्यांना थांबवले. आणखी लिहा म्हणालो. ते म्हणाले, "अण्णा, पोर खेळता खेळता पडली, एवढं पुरे हाय. कशाला वडवून घेताय?" मी ऐकले नाही, म्हणून पुढील मजकूर लिहिला आहे.

मेघाश्री खेळत नव्हती. शिंप्याला टाचण्या मोजायची सवय असते. दिलेल्या कपड्यात एक राहिली तर गिऱ्हाइकाला टोचते, म्हणून मी चाळीस वर्षे मोजत आलो. त्या सवयीने मी ओच्यातले गोळे मोजले. सदतीस भरले. पांढरा गोळा हिरव्या पानांत लगेच दिसला असता. मी तिला म्हणालो, एक कमी आहे, जा, आत वाकून बघ. ती म्हणाली, "ताता, आत काटे आहेत." मी म्हणालो, तू लहान आहेस, तुझा हात पोचतो. मी घड्याळाकडे बघत होतो. ती पडली ते मी पाहिले नाही, फक्त ऐकले.

शुद्धीवर आल्यावर तिने मला पहिला प्रश्न विचारला, गोळा सापडला का. मी हो म्हणालो. तेव्हा तो सापडलेला नव्हता. घरच्यांपुढे ती "मीच गेले" म्हणाली तेव्हा मी खाटेजवळच उभा होतो आणि गप्प राहिलो. याची मला शरम वाटते. दोन दिवस मला सुईत दोरा ओवता आलेला नाही.

काल संध्याकाळी गोळा सापडला. बुडाशी एका हिरव्या पिल्लाच्या आड होता. ते पिल्लू त्या आठवड्यात माझ्याकडून काढायचे राहिले होते. गोळा सोबत आणून टेबलावर ठेवला. त्याची गरज नाही, असे हवालदार म्हणाले. परत घेऊन जा म्हणाले.

पोर ऐकत नाही, असे कागदात कोठेही राहू नये. तिने ऐकले.

हा जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. शेवटचे वाक्य मी दोनदा वाचायला लावले. ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही: सुब्बाराव वि. पिसे